कव्हरखालची कार

तुकोगंजात आमच्या बिल्डिंगच्या मागे एक कार वर्षभर कव्हरखाली उभी होती. तिचे मालक, साठीतले एक गृहस्थ, सगळीकडे मोटरसायकलनं जात. फक्त रविवारी कव्हर काढून ते दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत, टायर दाबून बघत आणि गाडी पुन्हा झाकत.

एकदा मी विचारलं, “काका, चालवत नाही तर विकून का नाही टाकत?”

“बायकोला डायलिसिसला न्यायला घेतली होती, भिया. तिला बाइकवर बसवत नव्हतं. आता ती गेली. बाजूवाली सीट तिनं मागे केली होती, अजून तशीच आहे. विकली तर घेणारा पहिले तीच सरकवेल ना?”

त्यांनी हेल्मेट घातलं. मोटरसायकल तिसऱ्या किकला सुरू झाली, आणि तोवर आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.