माझ्या अॅम्प्लिफायरमधला हुंकार

"हात नको लावू! काढशील त् हात तोडीन लेका!"

बाबा इतक्या जोरात ओरडले की माझ्या हातातली सोल्डरिंग आयर्न उडाली आणि शेजारची म्हैस आठवडाभर दुधाला आटली. मी मात्र आनंदानं गार झालो. कारण आई गेल्यापासून आठ महिने बाबांनी "हो", "नाही" आणि "मीठ" याखेरीज शब्द काढला नव्हता.

मंडळी, भूतबीत मी मानत नाही. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. न दिसणारी एकच शक्ती मला ठाऊक... ती वायरीतून येते आणि झटका देते. मी वाढवून सांगतो हे आमच्या अख्ख्या नंदनवन वस्तीला माहीत आहे. पण हे वाढवलेलं नाही. बरं, म्हैस सोडून.

पंच्याहत्तर सालचा मे असेल. दुपारी तीनची वेळ, समोरची खोली, दाराला वाळ्याचा पडदा.

गोष्टी रचण्यात बाबा माझेही बाप. पण आमच्याकडे गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा लागतो. 'हूं' आलं नाही तर गोष्ट जागची हलत नाही. बाबांचे कान लवकर गेले, तेव्हापासून आई त्यांच्या कानाला लागून बसायची. भाजी निवडता निवडता "हूं... हूं..." बाबांनी फारच फेकलं की ती गप्प. मग बाबा थोडं कमी करून सांगायचे, की पुन्हा "हूं". ती गेली. आमचे हुंकार त्यांना ऐकू येईनात, आणि ऐकणारं कुणी आहे की नाही हेच कळेना, म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं.

म्हणून मी हा खटाटोप मांडला. मेलेल्या रेडिओतले दोन वाल्व्ह, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्या, सीताबर्डीच्या जुन्या बाजारातला मिलिटरीचा हेडफोन, टेबलावर माइक. आपण माइकजवळ बोलायचं, बाबांना हेडफोनमध्ये ऐकू येणार! पण यंत्र चालू केलं की एकच आवाज — घूंऽऽ. कंडेन्सर बदलला, ट्रान्सफॉर्मर आडवा केला, उभा केला, अर्थिंगची वायर थेट नळाला नेली. घूं हलेना. शेवटी, हेडफोन बाबांच्या कानावर असतानाच, पहिला वाल्व्ह उपटून बघू म्हटलं... तो बाबा ओरडले.

"काहून?" मी हातवारे करून विचारलं.

"तुही माय हूं म्हणून राहिली."

माझी बायको मंदा चहा घेऊन दारात उभी. "ऊन लागलं बाबांना," ती पुटपुटली. "कांदा आणते."

बाबांनी ऐकलंच नाही. त्यांनी सुरू केलं — "त् आपल्या लग्नात, काटोलच्या त्या बगीच्यात..."

मी हेडफोनची एक बाजू ओढून माझ्या कानाला लावली. विजेची घूं कशी असते? ताणलेल्या दोरीसारखी सरळ. दम घेत नाही. ही दम घेत होती. बाबा बोलत असले की थांबायची, वाक्य संपलं की यायची. हलकीच.

"...एकेक संत्रं घागरीएवढं!"

हेडफोन गप्प.

बाबा खाकरले. "तांब्याएवढं."

गप्प.

"बरं वं, मुठीएवढं! झालं समाधान?"

"हूं."

मंडळी, शाळा बुडवून घरी आलो की माझी सगळी कारणं ज्या हूंपुढे गळपटायची, तेच हे हूं.

तेवढ्यात वीज गेली. पंखा मंदावला, वाल्व्हमधली लाल तार काळी पडली. कंडेन्सरात राहिलेली वीज दोन-चार श्वास पुरते, हे माझं पोटापाण्याचं ज्ञान. बाबांची गोष्ट चहा पार निवेपर्यंत चालली... आणि हुंकार एकही चुकला नाही. मंदानं माझ्या हातून हेडफोनची बाजू घेऊन कानाला लावली. सासूसमोर घ्यायची तसा डोक्यावर पदर घेतला.

दुसऱ्या दिवशी माझ्यातला इलेक्ट्रिशियन गप्प बसेना. वाल्व्ह तापवणाऱ्या तारा माइकच्या वायरीला खेटून गेल्या होत्या. सवयीनं त्यांना पीळ दिला, बाजूला सारल्या. घूं साफ गेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की आपण काय करून बसलो! घूं कशानं येत होती ते मला कळलं. वीज गेल्यावर हूं कुठून आलं, ते आजतागायत कळलेलं नाही. कुणाला कळलं तर सांगा.

बाबांनी हेडफोन चढवला. अर्धं वाक्य बोलले. हूं येईल म्हणून थांबले.

मी माइकजवळ तोंड नेलं. "बाबा, चुकलं. वायर होती तशी करून देतो."

त्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आता तू म्हण."