दादाच्या टिपेची दुरुस्ती

चुकलेली मात्राही सोडत नसे, म्हणून ऑफिसात तिला मात्राबाई म्हणत. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातल्या कोडवरच्या टिपा सुधारणे हे तिचे काम. सज्जनहो, यंत्र टीप वाचत नाही. तिला ओलांडून पुढे जाते. टीप माणसाने माणसासाठी लिहायची. म्हणून ती खोटी असू नये, एवढेच त्या माउलीचे व्रत.

"यंत्र जिथे बघतच नाही, तिथे झाडू मारता," शेजारचा प्रोग्रामर चिडवी.

"पाहुणे बघतात ना!" ती म्हणे.

एके दुपारी तिच्यापुढे जी चुकीची टीप आली, ती तिच्याच थोरल्या भावाची होती. दादाही याच कोडवर काम करी; त्याला जाऊन वर्षही झाले नव्हते. त्याने लिहिले होते, 'काम संपल्यावर मेमरी परत करा. मी एकदा विसरलो, चूक शोधत बसलो आणि घरी जेवण गार झाले. तुमचे होऊ नये.' पुढे कोणीतरी कोड बदलले. फंक्शन, म्हणजे कोडचा तो तुकडा, आता वापरायला घेतलेली मेमरी यंत्राला आपणच परत करी. टीप मात्र तशीच राहिली. दादाचे ऐकून एकाने तीच मेमरी दुसऱ्यांदा परत केली, आणि यंत्र जागीच बंद पडले.

तिने वहिनींना फोन करून दादाची टीप पुसावी लागेल असे सांगितले.

"वन्सं, त्यांचे कपडे दिले, चष्मा दिला. एवढं तरी राहू द्या."

"वहिनी, लोक दादावर विश्वास ठेवतात आणि तोंडघशी पडतात हो."

"मग गार जेवणाचं तेवढं ठेवा."

"आधीचं वाक्य गेल्यावर ते कशाच्या आधारानं उभं राहील? कोडमधल्या बदलांच्या जुन्या नोंदींत असेल ना. तिथलं पुसत नाहीत."

"तिथे मुद्दाम शोधायला जावं लागतं. इथे ते येणाऱ्याजाणाऱ्याला भेटत होते."

तिने फोन ठेवला. जिच्या बोटांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पुसल्या, तिच्यापुढे आज आपल्याच माणसाचे शब्द होते. तरी पुसले. नवे लिहिले, 'मेमरी हे फंक्शनच परत करते. पुन्हा करू नका.'

दुरुस्तीसोबत कारण द्यावे लागते. तिथे तिने कोड बदलल्याचे नोंदवले आणि खाली एक ओळ जोडली, 'लिहिली तेव्हा ही टीप खरी होती.'

कोडचा तो भाग सांभाळणाऱ्या गृहस्थांनी दुरुस्ती स्वीकारली; उत्तर आले, 'घेतले.'

"झालं?" वहिनींनी रात्री फोनवर विचारले.

"झालं."

"त्यांच्याविषयी कुणी काही म्हणालं?"

"नाही, वहिनी. एका शब्दात घेतलं."

"एका शब्दात," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.