शशीभावजींची चिप आणि माझी वही

नातवंडांनो, शशीआजोबा गेल्याचं फोनवर सांगताना मला धड बोलता आलं नाही. आता महिना झाला, लिहिते.

ते माझे धाकटे दीर. बेंगळुरू सोडून कोल्हापुरात परतले आणि आमच्या माडीवर बसून, हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या, छातीवर चिकटवायच्या पट्टीसाठी चिप आखू लागले. हृदयातली वीज अगदी क्षीण. तिळाएवढ्या चिपच्या एका बाजूने ती टिपायची, दुसऱ्या बाजूने तिचे आकडे करायचे, आणि आकड्यांचा गोंगाट पहिल्या बाजूला पोचू द्यायचा नाही. "एका खोलीत हलगी वाजाय लागलीया आन् शेजारच्या खोलीत बाळाचा श्वास ऐकायचा हाय. असलं काम हाय वहिनी," ते म्हणायचे.

मला तेव्हा अधूनमधून चक्कर येई. डॉक्टरांना विचारून चाचणीची ती पट्टी मी आठवडाभर लावली. अहवाल स्वच्छ आला... पण त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात दोनदा कोसळले होते. सवयीप्रमाणे वेळा वहीत लिहिल्या होत्या. भावजींनी ताडून पाहिलं. नेमक्या त्याच मिनिटांना चिपने नोंदवलं होतं, पट्टी सुटली. त्यांचे सहकारी म्हणाले, आजींना नीट चिकटवता आली नसेल.

"खरं सांगा वहिनी, सुटलीती काय?"

"भावजी, आंघोळीतसुद्धा हलली नाही. काढताना कातडी सोलली माझी."

"मग तुमची वहीच खरी."

दोन दिवस मी ताट वर पाठवत होते. तिसऱ्या दिवशी ते खाली येऊन माझ्यासमोर बसले. बॅटरी वाचावी म्हणून त्यांनीच चिपला शिकवलं होतं, ठोके थांबले की पट्टी सुटली समजायचं आणि झोपायचं. हृदयच थांबलं असेल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. माझं हृदय मधूनच काही सेकंद थांबत होतं.

"चिप न्हाय चुकली वहिनी, मी चुकलो."

डॉक्टरांना आणि पट्टी बनवणाऱ्या कंपनीला त्यांनी स्वतः कळवलं. कारखान्याकडे निघालेली चिप थांबवली. नव्या चिपला, ठोके थांबले तर पट्टीखाली त्वचा आहे का ते आधी तपासायला शिकवलं. मला पेसमेकर बसला, म्हणून तर हे लिहिते आहे.

परवा त्यांची सहकारी सामान न्यायला आली. टेबलासमोरच्या भिंतीला त्यांच्या अक्षरातला कागद होता : 'वहिनींची पट्टी सुटली नव्हती. आधी माणसाला विचारा.'

"काकू, हा तुमच्याकडे ठेवू?"

"नको गं. पुढची चिप आखाल तिथं लाव."

तिने तो घडी न घालता नेला.