शेठजींची मांडी

आमचे घरमालक शेठजी यांच्याइतका गाठींवर विश्वास ठेवणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. नव्या जालन्यात त्यांचं दोर, सुतळी आणि पलंगाला विणतात त्या नवारीचं दुकान होतं, पण दुकानात विकला जाई त्याहून जास्त माल घरातच खपत असावा असा मला संशय आहे. चष्मा गळ्याला, किल्ल्या कमरेला, छत्री मनगटाला, माठाचं झाकण माठाला आणि जिन्यातली बादली कठड्याला. एकदा राजूरच्या गणपतीला जाताना त्यांनी पिशवी एसटीच्या खिडकीच्या गजाला बांधली, राजूर आलं तरी गाठ सुटेना, आणि शेठजी पिशवीसकट भोकरदनपर्यंत जाऊन संध्याकाळी उलट्या गाडीनं दर्शनाला आले. मी हसले तर म्हणाले, "बाई, गाठ सुटली न्हाई याचा आनंद माना की." मी त्यांची भाडेकरू आणि शाळेत शिक्षिका. माझ्या जुळ्या मुली रांगायला लागल्या त्याच आठवड्यात ते नवारीची गुंडाळी घेऊन वर आले आणि न विचारता आमच्या गच्चीचा कठडा खालपासून वरपर्यंत विणून गेले. मुलींना त्यानंतर रस्ता दिसला नाही, पण त्या पडल्याही नाहीत.

मुलांवर एवढा जीव असलेला हा माणूस एकही मूल मांडीवर घेत नसे. मूल जवळ आलं की त्याला बत्तासा देत, सुतळीचा भोवरा करून देत, गादीवर शेजारी बसवत. पण ते मांडीकडे सरकलं की ताडकन उभे राहत. गल्लीतल्या पोरांनी त्याचा खेळच केला होता. माझ्या सासूबाईंना हा पैशाचा माज वाटे. खरं कारण मला भाभींकडून, म्हणजे शेठाणींकडून, लोणची घालता घालता कळलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. दत्तक घेण्याला आपण मांडीवर घेणं म्हणतो, शेठजींच्या समाजात गोद घेणं म्हणतात, आणि दोन्हीकडे चार माणसांसमोर मूल मांडीवर ठेवलं की बोलणं पक्कं झालं असं मानणारे लोक असतात. एका लग्नात शेठजींच्या भावजयीनं स्वतःचा मुलगा, हातात नारळ देऊन, पंगतीत त्यांच्या मांडीवर आणून ठेवला. शेठजी असे उठले की जिलबीचं ताट पालथं झालं. तेव्हापासून ते लग्नात बसतच नसत, जेवणसुद्धा उभ्यानं करत. पुढे शहरांतून उभ्यानं जेवायची पद्धत आली तेव्हा मला वाटलं, जालन्यात ती केव्हाची होती.

असा हा माणूस माझ्याबरोबर विमानात बसला तो रेल्वेच्या संपामुळे. मे महिना होता. मुंबईहून भावाची तार आली: आई अत्यवस्थ, मुलींना घेऊन ये. आईनं मुलींना अजून पाहिलं नव्हतं. गाड्या बंद, मुंबईच्या एसटीला माणसं टपावर, आणि संपामुळे ह्यांच्या वीज कचेरीतल्या साऱ्या रजा रद्द. उरलं औरंगाबादचं विमान. तिथं तिकिटाच्या खिडकीवर सांगितलं की मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच मूल चालेल, दुसऱ्याला दुसरी मांडी हवी. मी तिथंच बाकावर बसून रडले. सोबत आलेले शेठजी म्हणाले, मुंबईत मलाही काम आहे, मी येतो. काम-बिम काही नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. धाकटीसाठी मात्र त्यांनी वेगळं तिकीट काढायला लावलं. ती खुर्चीत बसंल, म्हणाले.

विमानाला तीन दिवस अवकाश होता, तेवढ्यात ही खुर्ची त्यांनी स्वतः केली. वेताची छोटी खुर्ची, तिला लोखंडी पाय, पाठीला गोधडी आणि खांद्यावरून, पोटावरून, पायांमधून जाणारे नवारीचे पट्टे. तिची परीक्षा घ्यायला त्यांनी ती राजूरच्या एसटीत बाकाला बांधली, आत धाकटीच्या वजनाची गुळाची ढेप बसवली आणि ओळखीच्या ड्रायव्हरला वाटेत कचकन ब्रेक मारायला सांगितलं. ढेप तसूभर हलली नाही. शेठजी स्वतः मात्र पुढच्या बाकावरच्या मंडळींत जाऊन पडले. कपाळाला टेंगूळ घेऊन ते घरी आले ते विजयी मुद्रेनं.

जायच्या दिवशी आम्ही भाड्याच्या मोटारीनं पहाटेच निघालो. भाभी पोचवायला आल्या होत्या. विमानतळ जालना रस्त्यावरच, बदनापूरच्या पुढे, म्हणजे उशीर व्हायचं कारण नव्हतं. पण वाटेत उघडू नयेत म्हणून शेठजींनी मोटारीची दारं आतून दोरानं बांधली होती, आणि ती सोडवताना समोर विमान उभं दिसत होतं. भावाची दुसरी तार आदल्या दिवशी आली होती, तिच्यात फक्त "लवकर" एवढाच शब्द होता. शेवटी ड्रायव्हरनं दोर कापला आणि आम्ही खुर्चीसकट धावत सुटलो.

आतल्या अधिकाऱ्यानं खुर्ची उलटीपालटी करून पाहिली. माणूस सभ्य होता. लोखंडी पाय चालणार नाहीत, सीटवर बसणार नाही, वाटेत अडथळा होईल, असं त्यानं शांतपणे समजावलं. शेठजींनी ढेपेची सगळी हकिगत सांगितली, टेंगूळ दाखवलं, पण तो बधला नाही. "कुर्सी नहीं जाएगी," तो म्हणाला. "बच्ची को गोद में ले लीजिए."

गोद हा शब्द ऐकला आणि शेठजी दोन पावलं मागे सरले. बाहेर विमानाचे पंखे फिरायला लागले होते. मी थोरलीला कडेवर आणि धाकटीला हातात धरून उभी होते, आणि मला दिसत होतं की आता यातली एक इथं राहणार. आईला काय सांगू, एकच आणली म्हणून? मी अगदी काकुळतीला येऊन म्हटलं, "शेठजी, मुलगी आहे हो. मुलीला मांडीवर घेतलं तर कोण दत्तक समजणार आहे?"

"लोकांचं सोडा, बाई," ते म्हणाले. "मीच समजलो तर?"

तेवढ्यात अजिंठा बघून परत निघालेली एक गोरी बाई काय चाललंय ते ओळखून पुढे आली आणि हसून तिनं धाकटीसाठी हात पसरले. अधिकाऱ्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. मी मुलगी देणारच होते. माझे हात पुढे झालेही होते. शेठजींनी त्या बाईकडे पाहिलं, मग कठड्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या भाभींकडे. भाभींना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि एवढंच म्हणाल्या, "ले लो जी."

विमानात शेठजी बसले तेव्हा धाकटी त्यांच्या मांडीवर होती. आधी त्यांनी मान वळवून साऱ्या विमानात आपल्या गावचं कोणी नाही ना ते पाहून घेतलं. मग हवाई सुंदरीला विचारलं, पोरीला बांधायला काय हाये. ती म्हणाली, पट्टा तुमच्यासाठी, मुलीला हातानंच धरा. मी त्यांचा पट्टा लावला तरी ते हवाई सुंदरीकडे बघतच राहिले. "निस्तं हातानं?" त्यांनी मला हळूच विचारलं. आयुष्यभर गाठींच्या भरवशावर राहिलेल्या माणसाला कोणी असं सांगितलं नव्हतं.

घाटावरून जाताना मे महिन्याच्या गरम हवेनं विमान असं काही खाली-वर व्हायला लागलं की मी डोळे मिटून घेतले. थोरली किंचाळत होती. मागच्या रांगेत कोणीतरी ओकत होतं. मी डोळे उघडून पाहिलं तर शेठजींचे दोन्ही हात धाकटीभोवती, चेहरा घामानं निथळलेला, चष्मा नाकाच्या टोकावर. तो वर करायला त्यांनी हात सोडला नाही. मी वर केला. धाकटी या सगळ्यात गाढ झोपली होती. ते तिच्याकडे न बघता समोर बघत म्हणाले, "भावाचं पोरगं मी माजानं झटकलं न्हाई, बाई. एकदा बसलं की मंग मला उठवता येणार न्हाई, म्हणून भीत होतो."

मुंबईत उतरल्यावर सगळे गेले तरी ते बसून राहिले. मग त्यांनी धाकटीला दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं. "तुमची तुम्हाला," म्हणाले, आणि पिशवी शोधायला लागले.

आईनं दोघींना पाहिलं. तिला उठवत नव्हतं, पण तिनं दोघींच्या गालांवरून हात फिरवला, थोरली कुठली ते विचारलं आणि ऐकून घेतलं. त्यानंतर ती चारच दिवस होती. ते चार दिवस मला शेठजींनी दिले असं मी आजही मानते.

आम्ही पोचलो त्या दिवशी, आईला झोप लागल्यावर मी बाहेर आले. शेठजी गॅलरीत उभे होते आणि त्यांच्या पांढऱ्या धोतरावर, मांडीवर, मोठा ओला डाग होता. धाकटीनं विमानातच कारभार उरकला होता, आणि शेठजी कोणाला काही बोलले नव्हते. मी ओशाळले. घरातून भावाचं धुतलेलं धोतर आणून पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"राहू द्या," म्हणाले. "घाई न्हाई. वाळंल सावकाश."

भाऊ म्हणाला, मग इकडे उन्हात तरी बसा, लवकर वाळेल. शेठजींनी मान डोलावली, गॅलरीतली खुर्ची उचलली, आणि सावलीत नेऊन तिच्यात बसले.