वहिनीच्या फुलांची चोरी

फोन वहिनीच्या नंबरवरून आला, म्हणून मी नेहमीसारखीच सुरू झाले, "काय गो वहिनी, आज सकाळी सकाळी आठवण झाली?" पलीकडून दादा खाकरला. माझ्या या भावाने आपणहून मला कधी फोन केल्याचं आठवत नाही. वहिनी बोलायची आणि हा मागून "यंदा मोहोर कमी आहे, सांग तिला" असं ओरडायचा. तो खाकरला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी विपरीत झालंय. "झोपेतच गेली गो," तो म्हणाला. "मी चहा केला, हाक मारली, तर..." मंडणगडहून रत्नागिरीला पोहोचेपर्यंत माझ्या मनात एकच होतं, की आता हा एकटा माणूस त्या घरात कसा राहणार.

सुमनवहिनी देवरूखकडची. तिच्या माहेरी दारातून पाण्याचा पऱ्या वाहतो, मागे सुपारी, केळी, काय टाकाल ते उगवतं. आणि लग्न होऊन आली ती आमच्या सड्यावर! रत्नागिरीच्या बाहेर चढण संपली की जो उघडा कातळ लागतो, त्यावर आमचं घर. उन्हाळ्यात अंगणात अनवाणी उभं राहायची सोय नाही. आठवड्याच्या आत तिने विचारलं, "इथे फुलझाडं कुठे लावायची?" आमचे बाबा एक नंबरचे फटकळ. ते म्हणाले, "कातळावर काय लावणार, कपाळ?" नवी सून रडेल म्हणून मी बघत राहिले, तर ही खो खो हसत सुटली. तेव्हाच मला ती आवडली.

मग एकदा बाजारातून आली ती उजवी मूठ घट्ट मिटून. उघडली तर आत बोटभर लांबीची हिरवी, मांसल काडी, सुईसारख्या, पण जाड पानांची. "कोणी दिलं?" मी विचारलं. "दिलं नाय, उचललं," ती म्हणाली. तिच्या माहेरचा कायदाच तसा होता. मागून आणलेलं रोप लागत नाही, न सांगता उचललेलं हमखास लागतं. ज्याच्या दारातलं उचललं, त्याने पाहिलं तरी न पाहिल्यासारखं करायचं आणि नेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. तिने ती काडी दिवसभर सुपात, सावलीत ठेवली. "तोडलेली बाजू सुकू दे. ओली लावली तर कुजते." दुसऱ्या दिवशी कातळातल्या एका खळग्यात मूठभर रेतीमाती घालून खोचली, शिंतोडा मारला आणि चक्क विसरून गेली. त्या फुलांना सगळे ऑफिस टाइम म्हणतात, कारण ऊन चढलं की दहाच्या सुमाराला ती उमलतात. "सरकारी नोकरीतली फुलं गो," वहिनी म्हणायची, "दहाला कामावर, आणि उन्हं कलायच्या आत घरी!"

दोनेक वर्षांत कातळ ओळखू येईना. खळगे भरले, पायऱ्यांच्या कडा भरल्या, कुंपणाच्या दगडी गडग्यावरून राणी रंगाच्या, पांढऱ्या आणि पिवळ्या फुलांच्या झिपऱ्या खाली लोंबू लागल्या. जिथे दुसरं काही जगत नव्हतं, तिथेच ती पसरत होती. पाऊस मात्र त्यांना सोसत नाही. म्हणून मिरगाच्या आधी प्रत्येक रंगाचे चार शेंडे ती फुटक्या घमेल्यात लावून पडवीत घ्यायची आणि दसऱ्यानंतर पुन्हा कातळावर पसरायची. दादा गणिताचा मास्तर. त्याला फुलांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या चपलेखाली एखादी फांदी आली की आतून आवाज यायचा, "अहो, पाय उचलून!" आणि दादा निमूटपणे बगळ्यासारखा पाय उचलून चालायचा. त्यांच्या संसारातलं प्रेम मी पाहिलं ते एवढंच, पण ते रोजचं होतं.

वहिनीच्या सुतकाच्या दिवसांत वाडीतल्या बायका भेटायला यायच्या. बसायच्या, डोळे पुसायच्या, आणि जाता जाता कातळाशी वाकून एकेक शेंडा खुडून पदरात घ्यायच्या. एके दिवशी दादाने पडवीतून ते पाहिलं आणि तो कडाडला, "माणूस गेलंय घरातलं, आणि तुम्ही चोऱ्या करताय? लाज नाय वाटत?" बायका जागच्या जागी थिजल्या. शेजारच्या नलूकाकीने हातातला शेंडा गडग्यावर ठेवला आणि मान खाली घालून ती निघून गेली. दादाने फाटक तारेने बांधून टाकलं. मी समजवायला गेले, तर "मला शिकवू नको" म्हणाला. मी निघाले तेव्हा एवढंच बजावलं, की या झाडांना फार पाणी घालू नकोस. त्याने "हो, हो" केलं. पुरुषमाणसाचं 'हो, हो' म्हणजे काय ते मला कळायला हवं होतं!

महिन्याच्या श्राद्धाला गेले तर कातळातले सगळे खळगे पाण्याने तुडुंब. काड्या काळ्या पडून बुळबुळीत झालेल्या. एक हिरवा ठिपका म्हणून उरला नव्हता. दादा पायरीवर बसला होता, बाजूला कळशी. "सकाळ-संध्याकाळ घातलं गो पाणी. एक दिवस चुकवला नाय. तिचं एवढंच तर उरलं होतं..." आणि वहिनीला नेलं त्या दिवशी न रडलेला माझा भाऊ तिथे लहान मुलासारखा रडला. मला त्याची इतकी दया आली, की आधी मीही त्याच्याबरोबर रडून घेतलं.

मग त्याला तो कायदा सांगितला. त्या बायका चोर नव्हेत, वहिनीनेच त्यांना तशी सवय लावलेली, आणि ती गेली म्हणून तिची आठवण त्या आपापल्या दारात नेत होत्या. त्याने कळशी पालथी घातली. मग म्हणाला, "म्हणजे तिची फुलं त्यांच्याकडे असतील?"

"असतील की."

"मग जाऊन मागतो."

"मागायचं नाही, दादा."

जन्मभर कॉपी पकडणाऱ्या मास्तराने माझ्याकडे असं काही पाहिलं, की जणू मी त्याला पेपर फोडायला सांगितलंय. "चोरू?"

"चोर."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. मी मागोमाग. नलूकाकी अंगणात पापड वाळत घालत होती आणि तिच्या गडग्यावर, मागे कधीतरी आमच्या कातळावरून उचललेली, वहिनीची राणी रंगाची फुलं नुकती उमलली होती. दोघांची नजरानजर झाली. दादाचा चेहरा लालबुंद. काकी उठली, आमच्याकडे पाठ केली आणि दोरीवरचं लुगडं काढून घडी घालू लागली. घडी झाली तर पुन्हा उलगडलं, पुन्हा घालू लागली. कसाबसा त्याने एक शेंडा खुडला आणि मूठ मिटली. पण तो हलेना. त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल त्याला काहीतरी बोलायचं होतं.

काकीने मागे वळून पाहिलं नाही. लुगडं पुन्हा एकदा उलगडत ती म्हणाली, "मास्तर, पांढरी न्‌ पिवळी पलीकडच्या अंगाला आहेत हां. मी आजून जरा इकडंच बघतंय."