उडत्या माणसाचा दोर

बाळांनो, तुम्ही पाठवलेला उडत्या वीराचा जुना सिनेमा काल पाहिला, म्हणून लिहिते. तुमच्यासोबत नवे सिनेमे पाहून सरावलेल्या डोळ्यांना त्याच्या पाठीचा दोर लगेच दिसला.

लग्नानंतर एका दुपारी आम्ही तो गोंदियाच्या टॉकीजमध्ये पाहिला होता. गावच्या नाटकात हनुमान उडायचा, तेव्हा दोर तुमच्या आजोबांच्या हातात असे. तो वीर उडताच ते उठून ओरडले, "दोर ढिला नोको सोडू बे, पडन ना तो!" सारी टॉकीज हसली. मी लाजून त्यांचा सदरा ओढला, "बसा ना जी!"

काल तोच प्रसंग आला. शेजारी बसलेले आजोबा विसरण्याच्या आजारातूनही ओरडतील, अशी मला फार आशा होती. ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमी कोन होय जी?"

ती दुपार आता फक्त माझ्याजवळ उरली आहे.