वरची कोथिंबीर

मी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच, माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण मी शिकायला वेल्समधल्या कार्डिफला गेलो, तिथल्या मंडईतल्या भाजीवाल्या बाईंबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्याच शनिवारी भाजी घेऊन मी सवयीने म्हणालो, "वर थोडी कोथिंबीर?" तेही इंग्रजीत, शब्दाला शब्द लावून.

त्यांनी माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. "कशाच्या वर, लव्ह?" तिथे कुणालाही असंच 'लव्ह' म्हणतात, आपल्याकडच्या 'बाळा'सारखं.

"म्हणजे... फुकट. आमच्याकडे देतात."

"चीकी!" म्हणजे आगाऊ, असं म्हणून त्या इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारचा मासेवाला वळून बघू लागला. मग त्यांनी मूठभर काड्या पिशवीत टाकल्या. पुढच्या शनिवारपासून त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "वर" देऊ लागल्या. वेल्श आज्या बावचळून कोथिंबीर घरी नेत.

मी नोकरीसाठी लंडनजवळच्या स्लाऊला निघालो, तेव्हा मंडईची दुरुस्ती होणार होती. नंतर गाळे कमी उरणार, म्हणून चिठ्ठ्या टाकणार होते. "माझी नाही निघाली, तर घरी बसून मी करू काय?" एवढं एकच वाक्य त्या न हसता बोलल्या.

काल जुन्या रूममेटचा फोन आला. तो मंडईतूनच ओरडत होता, "अरे, बाईंची चिठ्ठी निघाली! अगदी दाराजवळचा गाळा मिळाला!"